पाळीवरची झोपडी

वैनगंगेच्या खोऱ्यात भंडारा आणि गोंदिया हे दोन जिल्हे आहेत. या मुलखाला लोक तलावांचा मुलूख म्हणतात, आणि ते नाव त्याला शोभते. एखाद्या टेकडीवर उभे राहून पाहिले, तर धानाच्या बांध्यांमधून जागोजाग पाणी चमकताना दिसते. हे तलाव निसर्गाने आयते दिलेले नव्हेत. ते माणसांनी बांधलेले आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातील कसबी शेतकऱ्यांनी टेकड्यांच्या कुशीतले उतार हेरले, पाणी कोठून येईल व कोठे थांबेल याचा अंदाज घेतला, आणि मातीच्या लांबच लांब पाळी घालून पावसाचे पाणी अडविले. तलाव बांधणाऱ्याला जमिनीचे हक्क देण्याची चाल त्या राज्यात होती. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय हाही कोहळ्यांच्याच हातचा. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणू लागले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. नाव मात्र राहिले. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत.

अशाच एका तलावाच्या पाळीवर, अर्जुनाच्या दोन जुनाट वृक्षांच्या मध्ये, एक झोपडी आहे. खरे तर तिला लहानसे घरच म्हणावयास हवे. कारण तिच्या भिंती मातीच्या असल्या तरी हातभर जाड आहेत, आणि डोक्यावर कवेलूंचे दुपाखी छप्पर आहे. इतरत्र ज्याला कौल म्हणतात, त्यालाच विदर्भात कवेलू म्हणतात. ही झोपडी गावातील एका ढीवर कुटुंबाची. मासेमारी हा ढीवरांचा पिढीजात व्यवसाय. तलावातील मासळी राखावी, जाळी वाळत घालावीत, डोंगा ओढून सावलीत ठेवावा, एवढ्यासाठी ती कोणा पूर्वजाने उभारली. आता तेथे एक वृद्ध गृहस्थ राहतात. लहानथोर सारे त्यांना आबाजी म्हणतात. त्यांचे घर गावात आहे, घरी आजी आहेत. पण आबाजींचे मन पाळीवर. आजी दोन वेळचा भात डब्यातून पाठवितात आणि “बुढ्याला घरापेक्षा तलाव जवळचा,” म्हणून कुरकुरतात. मात्र परतलेल्या डब्यातून मासा आला नाही, तर त्या याहूनही अधिक कुरकुरतात.

आबाजींचा मुलगा नागपूरला एका छापखान्यात नोकरीला आहे. गेल्या पावसाळ्यात झोपडीवर एक संकट ओढवले. पावसाळ्याच्या तोंडाला मासे अंडी घालतात. त्या दिवसांत गावाच्या मच्छीमार संस्थेचे जाळे पाण्यात पडत नाही. तेव्हा घराला आधार असतो तो उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या मासळीचा. आबाजींनी ती टोपलीभर वाळवून कोपऱ्यात ठेवली होती. छप्पर नेमके त्याच कोपऱ्यावर तीन रात्री गळले, आणि सारी मासळी कुजून गेली. आजींनी दोन महिने उसनवारीवर काढले. ही गोष्ट मुलाच्या कानी गेली तेव्हा तो रागावून गावी आला.

“बाबा, पुढच्या पावसाळ्याआधी टिनाचे पत्रे टाकू. दरवर्षी कवेलू फेरायचे आता कोणाच्याने होणार?”

“आधी कवेलू फेरून पाहू,” आबाजी म्हणाले. “पहिल्याच पावसात गळले, तर तू म्हणशील ते.”

“ठीक. पण छपरावर तुम्ही चढायचे नाही. आणि गळले, तर पत्रे टाकायचे आणि तुम्ही गावातल्या घरात राहायचे. ही बोली.”

आबाजींनी बोली मान्य केली.

पत्र्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. ज्याच्या घरी छपरावर चढणारे कोणी नाही, त्याला पत्रा हे मोठे वरदानच आहे. एकदा ठोकला की कित्येक वर्षे पाहावे लागत नाही. पण वैशाखात विदर्भाचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा उघड्या पत्र्याखाली बसून पाहावे. कवेलूंच्या दोन थरांमध्ये हवा खेळते, खालची गरम हवा फटींतून वर निघून जाते, आणि भर दुपारी आत डोळा लागतो. पावसाळ्यात पत्रा बोलू देत नाही. कवेलू नुसते कुजबुजतात. आबाजींना तलावाचे सारे आवाज ऐकावयाचे असत. ते का, ते पुढे कळेलच.

तर मग छपरावर चढावयाचे कोणी? कवेलूंवर जड माणूस चालत नाही. म्हणून मे महिन्याच्या सुटीत आबाजींचा बारा वर्षांचा नातू नागपूरहून आला. त्याचे नाव शाळेच्या पटावर मोठे भारदस्त आहे. पण आबाजी त्याला नुसते ‘बापू’ म्हणतात, म्हणून आपणही तसेच म्हणू.

बापू आला तेव्हा रोहिणी नक्षत्र लागले होते. म्हणजे पावसाला दोन-तीन आठवडे उरले होते. पहिल्याच दुपारी आबाजींनी त्याला झोपडीत उताणे निजावयास सांगितले.

“वर पाहा आणि कोठे कोठे गळेल ते सांग.”

बापूला हे काम फारच सोपे वाटले. छपरातून ऊन आत आले होते. शेणाने सारवलेल्या भुईवर कवडशांची नाणी पसरली होती. फट लांबट असो की वाकडी, कवडसा मात्र गोल. कारण तो फटीचा आकार नसतो, सूर्याचा असतो. बापूने प्रत्येक कवडसा मोजला. एकोणतीस भरले.

“एकोणतीस ठिकाणी गळेल, आबाजी.”

आबाजी मोठ्याने हसले. “अरे, उजेड काय, बाजूनेही शिरतो. पाऊस वरून खाली येतो. दोन कवेलूंच्या मधल्या फटीतून ऊन तिरके घुसेल. पाण्याला तसे वर चढून घुसता येईल का? कवडसे मोजू नकोस. भिंत पाहा.”

बापूने भिंत पाहिली. वाळलेल्या ओघळांच्या तांबूस रेषा तिच्यावर उतरल्या होत्या. वाशांवर कोठे कोठे काळे डाग होते. ते डाग आणि ओघळ जुळवीत गेल्यावर एक नवल त्याच्या ध्यानात आले. पाणी जेथे आत शिरते, तेथेच ते पडत नाही. ते वाशाच्या पोटाला धरून खाली सरकते आणि दोन-चार हात दूर जाऊन टपकते. एकोणतिसांची चार ठिकाणे उरली. त्यांतली सर्वांत मोठी जागा तलावाच्या बाजूला, टोपलीच्या कोपऱ्यावर होती.

आबाजी मात्र भिंत पाहत नव्हते. ते तिच्यावरून तळहात फिरवीत होते. जेथे माती खडबडीत झाली होती, तेथे त्यांचा हात थांबे. जाणती माणसे असेच काम करीत असतील, असे बापूला वाटले.

काम करावयाचे तर फुटक्या कवेलूंच्या जागी नवी हवीत. ती आणावयाची कोठून? पूर्वी गावचा कुंभारच ती घडवीत असे. चाकावर तो निमुळती, पोकळ नळी उभी करी. ओली असतानाच तिला दोन्ही बाजूंनी उभी चीर देई. आणि वाळत आल्यावर हलकेच दाबताच एकीची दोन कवेलू होत. मग ती आव्यात भाजावयाची. आता गावात चाक फिरत नाही. आबाजींनी गावातला एक पडका गोठा हेरून ठेवला होता. मालकाने कवेलू फुकट दिली. फक्त वाहून नेण्याची अट घातली. बापू आणि त्याचे दोन सवंगडी बैलगाडीत कवेलू रचू लागले, तेव्हा आबाजी प्रत्येक कवेलू हातात घेऊन बोटाच्या पेराने टिचकी मारीत आणि कानाशी नेत. धड कवेलू ‘खण्ण’ वाजे. ज्याला बारीक तडा गेलेला असे, ते ‘भद्द’ असा बसका आवाज करी. तडा डोळ्यांना दिसो न दिसो, कानाला कळे. तासाभरात बापूलाही ती परीक्षा जमू लागली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच काम सुरू झाले. सकाळी नऊनंतर कवेलू इतकी तापतात की हात लावता येत नाही. म्हणून जे काय करावयाचे ते त्यापूर्वी. बापूने बांबूची शिडी छपरावर आडवी टाकली, म्हणजे भार एका जागी पडत नाही, आणि तिच्यावर तो पालीसारखा चढला.

“पाय वाशावर ठेव,” आबाजी खालून म्हणत. “वाशामधल्या जागेत ठेवलास तर घरात येशील.”

“आणि कवेलू उचलण्याआधी काडीने ठोक. खाली विंचू असतो.”

विंचू पहिल्याच ओळीखाली निघाला. बापूने त्याला काडीने खाली लोटले, आणि आबाजींनी पायातली वहाण काढली.

कवेलू फेरणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांना थोडे समजावून सांगितले पाहिजे. छपरावर कवेलूंचे दोन थर असतात. खालच्या थरातली कवेलू उताणी. त्यांची पन्हळ होते व तिच्यातून पाणी वाहते. दोन उताण्या ओळींच्या मधल्या सांध्यावर पालथी कवेलू बसतात. प्रत्येक कवेलू एका तोंडाला थोडे रुंद व दुसऱ्या तोंडाला थोडे अरुंद असते, फरक बोटभराचाच. उताणे कवेलू बसविताना अरुंद तोंड उताराकडे ठेवावयाचे, म्हणजे ते खालच्या कवेलूच्या रुंद तोंडात जाऊन बसते आणि पाणी न सांडता पुढे जाते. पालथे कवेलू बसविताना याच्या बरोबर उलट. बसवीत जावयाचे ते वळचणीपासून वर आढ्याकडे. वर्षभरात वाऱ्याने ती सरकतात, पाने व धूळ साचून पन्हळ तुंबते, घुणाने कामट्या पोखरल्या जातात. आणि वानरांचे तर काय सांगावे! अर्जुनावरून उडी मारून छपरावर उतरणे व तेथून पलीकडच्या अर्जुनावर जाणे हा त्यांचा राजमार्गच होता. म्हणून दरसाल सारे छप्पर उतरवून, झाडून, सडक्या कामट्या बदलून, पुन्हा ओळीने रचावे लागते.

बापू रोज चार-पाच हात छप्पर फेरी. दुपारी तो झोपे. आणि ऊन उतरले की दोघे गळ घेऊन पाण्याकडे जात.

दिवसभराचा हा सर्वांत सुखाचा वेळ. वैशाखात तलाव आक्रसून मध्यभागी गेला होता, आणि उघड्या पडलेल्या गाळावर टिटव्या धावत होत्या. कडेच्या पाण्यात कमळाची पाने पसरली होती. त्यांच्यावरून लांबलांब बोटांचा कमळपक्षी जमिनीवरून चालावे तसा चाले. खंड्या वाळक्या फांदीवरून पाण्यात सूर मारी, तो बहुधा रिकाम्या चोचीने परत येत नसे. आबाजींचा गळ अगदी साधा. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, टोकाला आकडा, आकड्याला गांडूळ, आणि दोऱ्यावर मोराच्या पिसाच्या दांडीचा वीतभर तुकडा बांधलेला. हा तुकडा पाण्यावर उभा तरंगतो. मासा आमिषाला लागला की पीस थरथरते, आणि त्याने आमिष गिळले की बुडते. तेव्हा काठी उचलावयाची. आधीही नाही, नंतरही नाही. बापूला धीर नव्हता. पीस जरा हलले की तो काठी ओढी आणि रिकामा आकडा डोक्यावरून मागे जाई.

“ती झुळूक होती,” आबाजी म्हणत. किंवा, “ते पिल्लू होते. चाखून गेले.”

संस्थेने सोडलेल्या रोहू-कतल्यांना ते हात लावीत नसत. ती मासळी साऱ्यांची. गळाला लागे ती लहानसहान रानमासळी, आणि भाग्य असेल तर एखादी मरळ. मरळ हा मोठा विलक्षण मासा आहे. त्याला नुसत्या पाण्यातली हवा पुरत नाही. थोड्या थोड्या वेळाने तो वर येऊन हवेचा घोट घेतो. काळोख पडू लागला की पाण्यावर ‘गुळुक’ असा आवाज होई.

“मरळ,” आबाजी सांगत. “कमळाच्या डाव्या अंगाला. पावसाळ्यात ती पिले घेऊन फिरते. लाल पिलांचा थवा वर आणि आईबाप खाली राखणीला. तेव्हा तिच्यावर गळ टाकायचा नाही.”

बापू त्या दिशेला पाही. पाण्यावर वर्तुळे पसरलेली असत. आबाजींना ती न पाहता कशी कळत, याचे त्याला कौतुक वाटे.

सहाव्या दिवशी सकाळी बापू तलावाकडच्या पाख्यावर, त्या टोपलीच्या कोपऱ्याच्या वर पोहोचला. पालथी कवेलू उचलली, आणि तो चमकला. खालच्या उताण्या कवेलूंची रुंद तोंडे उताराकडे होती. एक नव्हे, दोन नव्हे, ओळच्या ओळ तशीच. पाणी पन्हळीतून वाहण्याऐवजी दोन्ही बाजूंनी कामट्यांवर सांडत असले पाहिजे. त्याने शेजारची ओळ पाहिली. तीही तशीच.

“काय रे, काय झाले?” खालून आवाज आला.

“येथली कवेलू... जरा हलली आहेत.”

“वानरे,” आबाजी म्हणाले. पण नेहमीसारखे मोठ्याने नव्हे.

त्या दिवशी ऊन लवकर तापले, आणि त्या ओळी तशाच राहिल्या.

सायंकाळी दोघे पाण्यावर बसले. वारा पडला होता. थोड्या वेळाने आबाजींच्या दोऱ्यावरची गाठ सैल झाली; पीस सुटले आणि हळूहळू कमळांच्या पानांकडे वाहत निघाले. बापूला ते स्पष्ट दिसत होते. आबाजींचा दोरा पिसावाचून सरळ पाण्यात उतरला होता. आता ते काठी उचलतील, नवे पीस बांधतील, म्हणून बापू वाट पाहू लागला. आबाजी पाण्याकडे एकटक पाहत होते.

“पिसावर लक्ष आहे ना, बापू?” ते म्हणाले. “अजून हलले नाही.”

बापूच्या तोंडून शब्द फुटेना. पीस एव्हाना दहा हात दूर गेले होते. दोरा आबाजींच्या तर्जनीवरून गेला होता, आणि ते बोट किंचित वाकलेले होते. थोड्या वेळाने त्या बोटाने काठी उचलली, आणि तिच्या टोकाला एक चांगली वीतभर मासळी तडफडू लागली.

त्या रात्री बापूला झोप आली नाही. भिंतीवरून फिरणारा तळहात त्याला आठवला. चहा ओतताना आबाजी कपाच्या काठावर बोट ठेवतात, ते आठवले. पाळीवरून कोणी चालत आले की त्याची पावले थांबेपर्यंत ते बोलत नाहीत, मग नाव घेतात, हेही आठवले. आणि त्या उलट्या ओळी! वानर कवेलू फोडील, सरकवील, खाली ढकलील. पण दहा-बारा कवेलू एका ओळीत नीट उलटी रचून वर पालथी कवेलू झाकून ठेवणारे वानर अजून जन्माला आलेले नाही.

उजाडताच तो शिडीवर चढला आणि काही न बोलता एकेक कवेलू फिरवून बसवू लागला. खाली आबाजी अर्जुनाच्या मुळावर बसले होते. कवेलूवर कवेलू बसल्याचा आवाज होत होता. बराच वेळ ते ऐकत राहिले.

“किती ओळी उलट्या निघाल्या?” त्यांनी विचारले.

बापूच्या हातातले कवेलू हातातच राहिले. “तीन,” तो शेवटी म्हणाला.

“चार असतील. आढ्याकडून मोज.”

बापूने मोजल्या. चार होत्या.

“ढग आले होते,” आबाजी सांगू लागले. “घाई झाली. रुंद तोंड कोणते, अरुंद कोणते, ते दिसेना. हाताने चाचपून लावली असती तर बरोबर बसली असती. पण खाली चार माणसे उभी होती. त्यांच्यासमोर चाचपायची लाज वाटली मला.”

बापू शिडीवरून उतरून त्यांच्याजवळ येऊन बसला. सकाळच्या उजेडात त्याने त्यांच्या डोळ्यांत प्रथमच नीट पाहिले. काळ्या बाहुलीत दुधाचा थेंब पडावा तसे काहीतरी होते.

“काल पीस सुटून गेले होते, आबाजी.”

“कळले होते. दोरा हलका झाला. तू सांगतोस का, ते पाहत होतो.”

हे खरे होते, की आबाजींनी आपली थोडी शान राखली, हे बापूला अजूनही कळलेले नाही.

“तुम्ही बाबांना का सांगितले नाही?”

“सांगितले असते तर त्याने त्याच दिवशी पत्रे टाकले असते आणि मला घरात बसविले असते. डोळ्यांचे काम थंडीत करतात म्हणे. थंडी येते, तेव्हा तलावात मासळीचा हंगाम असतो. राहून जाते.”

बापूच्या वर्गातल्या एका मुलाच्या आजीचा मोतीबिंदू ऐन उन्हाळ्यात काढला होता. डोळ्यातले गढूळ झालेले भिंग काढतात व तेथे नवे बसवितात. माणूस बहुधा त्याच दिवशी घरी येतो. आणि आता त्यासाठी थंडीची वाट पाहावी लागत नाही. बापूने हे सारे सांगितले. आबाजींनी ऐकून घेतले, पण हो-नाही काही म्हटले नाही.

“मी बाबांना सांगणार नाही,” बापू म्हणाला. “तुम्हीच सांगा.”

“आधी ती चौथी ओळ पुरी कर,” आबाजी म्हणाले. “ऊन चढते आहे.”

छप्पर पुरे व्हावयास आणखी तीन दिवस लागले. मग मृग लागला, आणि तरीही पाऊस आला नाही. विदर्भातल्या शाळा उशिरा, जून संपता संपता उघडतात. म्हणून बापूला घाई नव्हती. त्याचे वडील एका शनिवारी त्याला न्यावयास आले, आणि त्यांच्या पाठोपाठ, जणू त्यांच्याच गाडीने, पश्चिमेकडून ढग आले.

तिघेही रात्री झोपडीत बसले होते. आधी वारा आला, मग मातीचा वास, मग थेंब. तापलेली कवेलू पहिले पाणी शोषून घेतात. त्या वेळी छपरावर बारीक ‘चुर्र’ असा आवाज होतो. मग ती भिजली आणि वळचणीवरून पागोळ्या गळू लागल्या. तलावाच्या काठी बेडूक एकदम ओरडू लागले. बापूच्या वडिलांनी विजेरी घेतली आणि ते छपराचा कोपरा नि कोपरा न्याहाळू लागले. टोपलीचा कोपरा कोरडा होता. भिंतीवरचे जुने ओघळ तसेच वाळलेले होते. पाऊस वाढला, तरी कोरडे. अर्धा तास गेला. बापूने मुठी आवळून धरल्या होत्या.

“टप्,” आबाजी म्हणाले.

“कुठे? मला काही दिसत नाही,” मुलगा म्हणाला.

“दाराच्या डाव्या अंगाला. वाशाच्या शेवटाला.”

विजेरीचा झोत तिकडे वळला. वाशाच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. तो मोठा झाला, थरथरला आणि भुईवर पडला. कोणीच काही बोलेना. थोड्या वेळाने दुसरा थेंब आला. बापूच्या वडिलांनी कोपऱ्यातला गंज उचलून त्याच्याखाली ठेवला.

“एवढ्याला काही गळणे म्हणत नाहीत,” ते म्हणाले.

“म्हणतात,” आबाजी म्हणाले. “बोली म्हणजे बोली. तू पत्रे आण.”

मुलगा गंजाजवळ बसून राहिला. थेंबाथेंबाला गंज वाजत होता. “पत्र्यांचे पुढे पाहू,” तो शेवटी म्हणाला. “छप्पर चांगले फेरले आहे.”

“फेरले ते यानेच. आणि आणखी एक गोष्ट तुला सांगायची आहे,” आबाजी म्हणाले, आणि मग त्यांनी गेल्या वर्षीच्या ओळींपासून सारे सांगितले. मुलगा काय म्हणाला ते पावसात नीट ऐकू आले नाही. बापू अर्ध्यातच झोपी गेला होता. पण सकाळी तो उठला तेव्हा एवढे ठरलेले होते की, आबाजींनी येत्या आठवड्यात नागपूरला डोळे दाखवावयास जावयाचे. पहिल्या पुरात चढणारे मासे पाहून मग जाऊ, ही त्यांची विनंती मुलाने साफ फेटाळली होती. त्यावरून दोघे अजून थोडे घुश्शात होते.

ऊन पडले होते. दाराजवळचे ते एक कवेलू नीट करावयाचे राहिले होते. बापू शिडीकडे निघाला, तर वडिलांनी त्याला मागे सारले.

“मी पाहतो. लहानपणी दरवर्षी मीच चढत असे.”

ते चढले. दोन पावले नीट पडली. तिसऱ्या पावलाला वर ‘कडाड’ असा आवाज झाला आणि एक पाय गुडघ्यापर्यंत झोपडीत आला.

“वाशावर!” आबाजी आणि बापू एकदमच ओरडले.

आबाजी इतके हसले की त्यांना अर्जुनाच्या बुंध्याला टेकावे लागले. बापू धावत झोपडीमागच्या ढिगाकडे गेला. त्याने एक कवेलू उचलले, टिचकी मारून कानाशी नेले आणि बाजूला टाकले. दुसरे उचलले. तेही टाकले. मग दोन चांगली खणखणीत निवडून, काखोटीस मारून, तो शिडी चढू लागला.